७ डिसेंबर १९३२ : इंग्लंड ४, ऑस्ट्रिया ३ (आणि तरी लोक बोलतात ऑस्ट्रियाबद्दलच)

टाचेचा_पास

परवा विश्वचषकाच्या धाग्यावर एका आयडीनं लिहिलं, "फ्रेंडली मॅचला कसला आलाय अर्थ? पॉइंट नाहीत, कप नाही, नुसता टाइमपास." तिथं उत्तर देत बसलो असतो तर मूळ धाग्याची वाट लागली असती, म्हणून इथं वेगळी चूल मांडतोय.

दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं घ्या. तेव्हा युरोपात फुटबॉलची इभ्रत पणाला लागायची ती बहुतेक वेळा फ्रेंडलीतच. पहिला विश्वचषक १९३० साली झाला तो पार उरुग्वेत, आणि बोटीनं तिथवर गेलेले युरोपीय संघ अवघे चार. इंग्लंडचा तर प्रश्नच नव्हता. हौशी खेळाडूंचा बुडालेला रोजगार भरून द्यायचा की नाही, या भांडणात इंग्लंडसकट चारही ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या होत्या. खेळ आमचा, नियम आमचे, तुम्ही कोण आम्हाला सांगणार, असा एकूण तोरा. त्यामुळे इंग्लंडला त्यांच्या घरात जाऊन हरवणं हीच त्या काळातली खरी ट्रॉफी, आणि ती युरोप खंडातल्या कुणालाच मिळाली नव्हती.

स्पेननं मे १९२९ मध्ये माद्रिदला इंग्लंडवर ४-३ अशी मात केली होती. मग डिसेंबर १९३१ मध्ये स्पेनला लंडनचं बोलावणं गेलं. हायबरीवर निकाल ७-१. गोलमध्ये कोण, तर झामोरा, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला गोलकीपर! असा पाहुणचार.

त्यानंतर वर्षभरानं, ७ डिसेंबर १९३२ च्या बुधवारी, लंडनच्याच स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर ऑस्ट्रियाचा संघ उतरला.

हा ऑस्ट्रिया म्हणजे 'वुंडरटीम', म्हणजे अजब संघ. देशाची अवस्था काय, तर साम्राज्य १९१८ मध्ये कोसळलेलं, हातात उरला छोटासा देश आणि साम्राज्याच्या मापाची भली मोठी राजधानी. ११ मे १९३१ रोजी क्रेडिटअनस्टाल्ट ही देशातली सगळ्यात मोठी बँक बुडीत निघाल्याचं जाहीर झालं. पाचच दिवसांनी, १६ मे रोजी, व्हिएन्नाच्या होहे वार्टे मैदानावर ऑस्ट्रियानं स्कॉटलंडला ५-० नं धुतलं. पुढच्या आठवड्यात बर्लिनला जाऊन जर्मनीला ६-०. सप्टेंबरात तेच जर्मन व्हिएन्नाला आले, त्यांना ५-०. स्वित्झर्लंडला बाझलमध्ये ८-१. इटलीला २-१, दोन्ही गोल सिंडेलारचे. हंगेरीला ८-२. लंडनला येईपर्यंत सलग १४ सामने हार नाही.

संघाचा कर्ता-करविता ह्यूगो माइस्ल. बोहेमियातल्या ज्यू घरातला, बँकेत कारकुनी केलेला, ऑस्ट्रियन संघटनेचा सचिव आणि संघाचा निवडकर्ता अशा दोन्ही टोप्या घालणारा माणूस. मित्रोपा कप, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, हे त्याचंच डोकं. व्हिएन्नात फुटबॉलची खरी संसद भरायची कॉफीहाउसात. रिंग कॅफेत पत्रकार, क्लबवाले, कवी, रिकामटेकडे असे सगळे एका टेबलाला. किस्सा असा सांगतात की सिंडेलारला का खेळवत नाहीस म्हणून त्या मंडळींनी माइस्लचं डोकं खाल्लं होतं, तेव्हा स्कॉटलंडच्या सामन्याआधी वैतागून त्यानं कॅफेत संघाची यादी त्यांच्यासमोर आदळली: घ्या, हा तुमचा खरडबहाद्दरांचा संघ. त्या यादीत मध्ये नाव होतं मथियास सिंडेलार. पुढचं वर सांगितलंच आहे.

लंडनच्या सामन्याआधी मात्र या लोकांच्या पोटात गोळा आला होता. स्पेनचं काय झालं ते ताजं होतं. माइस्लनं तयारीसाठी बोलावलं आपल्या जुन्या दोस्ताला, जिमी होगनला. हा लँकाशायरचा इंग्लिश माणूस! १९१२ पासून व्हिएन्ना आणि बुडापेस्टला फुटबॉल शिकवणारा. म्हणजे इंग्लंडला हरवायची शिकवणी घ्यायला इंग्लिश मास्तर.

आता सामना. पंच बेल्जियमचे जॉन लँगेनस, म्हणजे १९३० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ढगळ निकरबॉकर घालून उतरलेले तेच. प्रेक्षक बेचाळीस हजारांच्या घरात. पहिली पंचवीस-तीस मिनिटं ऑस्ट्रियाचे पाय जडच होते. ब्लॅकपूलच्या जिमी हॅम्पसननं पाचव्या मिनिटाला पहिला गोल मारला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मध्यंतर २-०. हायबरीची पुनरावृत्ती होणार अशीच चिन्हं.

उत्तरार्धात चित्र फिरलं. चेंडू जमिनीवर ठेवून छोटे पास, त्रिकोण, जागा बदलत राहणं, जे ते व्हिएन्नात रोज खेळायचे ते त्यांनी लंडनला सुरू केलं. झिशेकनं २-१ केलं. मग कितीतरी वेळ बरोबरीचा गोल आता होतोय, मग होतोय अशी परिस्थिती. आणि झालं काय? इंग्लंडला फ्रीकिक, हॉटनचा फटका, वाटेत ऑस्ट्रियाच्याच शाल या खेळाडूच्या अंगाला लागून चेंडूनं दिशा बदलली, गोलकीपर हिडेन भलतीकडे. ३-१. दैव म्हणायचं ते याला. त्यावर सिंडेलारनं बचावफळीतून वाट काढत ३-२ केलं. या गोलाचं लँगेनसनं नंतर तोंड भरून कौतुक लिहून ठेवलंय, आणि तो मनुष्य दोन्ही बाजूंचा कुणी नव्हता. लगेच डर्बीच्या क्रुक्सनं लांबून फटका हाणून ४-२. शेवटी झिशेकनं आणखी एक घातला, ४-३. तेवढ्यात वेळ संपली.

तिकडे व्हिएन्नात हेल्डेनप्लाट्झ चौकात लाउडस्पीकर लावले होते. डिसेंबरच्या थंडीत हजारो लोक उभे राहून लंडनचं धावतं वर्णन ऐकत होते. वर्णन करणारे विली श्मीगर. स्वतः जुने खेळाडू आणि पेशानं शाळामास्तर. चौकातल्या गर्दीला मैदान दिसत नव्हतं, दिसत होता फक्त मास्तरांचा आवाज चढला की उतरला तो.

माझं म्हणणं एवढंच: या सामन्याला कप नव्हता, पण त्या दिवशी दोन्ही देशांत कुणीही त्याला टाइमपास म्हटलं नसतं. पुढचं प्रतिसादांत.

नाना_दादर

आधी रुमाल टाकतो, मग वाचतो.

(वाचून आलो.) झकास. आता माझं अवांतर, क्रिकेटवाल्यांसाठी. तारीख बघून डोक्यात घंटा वाजली. ७ डिसेंबर १९३२ म्हणजे बॉडीलाइन मालिकेतली सिडनीची पहिली कसोटी संपली तो दिवस! लारवूडचे सामन्यात दहा बळी, मॅकेबचे नाबाद १८७, आणि इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारे आपले पतौडींचे नवाब, थोरले. शेवटच्या दिवशी इंग्लंडला जिंकायला एक धाव हवी होती. म्हणजे सकाळी पेपरात सिडनी आणि दुपारी स्टॅमफर्ड ब्रिज, लंडनच्या माणसाची त्या दिवशी चंगळ होती. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी झाली, कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू. १९३२ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच अंगणात घाम फोडणारे फक्त ऑस्ट्रियन नव्हते, एवढंच नोंदवून ठेवतो. लॉर्ड्सवर त्यांची अवस्था ३ बाद १९ होती पहिल्या सकाळी!

आकडेमोडे

लेख छान. पण वुंडरटीमच्या नावानं जो आरत्यांचा कार्यक्रम चालतो त्यात मी टाळ वाजवणार नाही. माफ करा.

स्कॉटलंडच्या त्या संघात रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबांचा एकही खेळाडू नव्हता. म्हणजे ग्लासगो वजा करून स्कॉटलंड. बरेचसे नवखे. त्यांना ५-० हरवलं हे ठीक, पण 'ब्रिटिश फुटबॉलचा पाडाव' वगैरे जे म्हटलं जातं ते जरा जास्त होतं. १४ सामने हार नाही हे खरं, त्यात ११ विजय आणि ३ बरोबरी. चांगलंच आहे. पण तीन सामने स्वित्झर्लंडशी आहेत, चार हंगेरीशी. घरचेच पाहुणे फिरून फिरून.

आणि मुख्य मुद्दा. गोलांचा क्रम बघा: २-०, २-१, ३-१, ३-२, ४-२, ४-३. ऑस्ट्रिया या सामन्यात एक मिनिटसुद्धा पुढे नव्हता. गोलशून्य पहिली पाच मिनिटं सोडली तर बरोबरीतही नव्हता. शेवटचा गोल सामना संपता संपता. याला 'नैतिक विजय' म्हणतात? आमच्या ऑफिसच्या टीमचे असे बरेच नैतिक विजय आहेत. (हलकेच घ्या.)

कोल्हापुरी_लेफ्टविंग

नाद खुळा धागा! आकडेमोडे, तुम्ही मॅच बघायला जाताय का ऑडिटला ओ? :)

शाहू स्टेडियमवर दोन गोलांनी मागं पडलेला संघ उत्तरार्धात असा अंगावर आला की स्टँडमधला आवाजच बदलतो. तिथं कोण गोलांचा क्रम मोजत बसतंय? उगाच नाही लोक अजून याबद्दल लिहीत.

एक शंका. त्या काळात म्हणे पाच-पाच फॉरवर्ड असायचे. मग हे छोटे पास आणि त्रिकोण जमायचे कसे? पाच माणसं एका रांगेत उभी राहिली तर सगळे एकमेकांच्या पायात येणार की.

टाचेचा_पास

@आकडेमोडे: स्कॉटलंडबद्दल शंभर टक्के मान्य, माझाही त्या ५-० वर फार जीव नाही. पण हंगेरी 'घरचा पाहुणा' कसला हो? तीसच्या दशकातली हंगेरी म्हणजे १९३८ ची विश्वचषक उपविजेती. तिला ८-२ हरवणं म्हणजे काय ते बघा. गोलांचा क्रम तुम्ही मांडलात तो बिनतोड आहे आणि 'नैतिक विजय' हा शब्द मी वापरलेला नाही, मुद्दामच. हरले ते हरले. हिडेननं त्या दिवशी काही फार ग्रेट गोलकीपिंग केलं नाही आणि पहिला अर्धा तास सगळा संघच दबून खेळला.

@कोल्हापुरी_लेफ्टविंग: मस्त प्रश्न. पाच फॉरवर्ड कागदावर रांगेत, मैदानावर नव्हेत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन जण लागत, आता दोन पुरेसे झाले. एकदम गोल पडायला लागले. त्यावर इंग्लंडात, विशेषतः आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं, उपाय काढला: मधल्या हाफला (म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला) मागे खेचा, दोन फुलबॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, मधोमध उभा करा, त्याचं काम एकच, समोरच्या सेंटर फॉरवर्डला अडवणं. हाच 'स्टॉपर'. बघता बघता बाकीच्या क्लबांनीही तो उचलला.

व्हिएन्नात माइस्लनं हे केलं नाही. त्याचा सेंटर हाफ जोसेफ श्मिस्टिक जुन्या पद्धतीनं मैदानाच्या मध्यभागीच राहायचा, चेंडू घ्यायचा, वाटायचा. सगळा खेळ त्याच्या पायातून निघायचा. आणि पुढे सिंडेलार सेंटर फॉरवर्ड असून गोलसमोर तळ ठोकून बसायचा नाही, तो खाली उतरायचा. आता इंग्लिश स्टॉपरनं करायचं काय? त्याच्या मागे गेला तर पाठीमागे मैदान मोकळं, नाही गेला तर सिंडेलार मोकळा. उत्तरार्धात इंग्लंडची जी पळापळ झाली ती यातून. शाल आणि ग्श्वाइडल हे सिंडेलारच्या दोन बाजूंचे इनसाइड फॉरवर्ड त्या मोकळ्या जागेत घुसत होते.

पण या पद्धतीची किंमतही होती. श्मिस्टिक पुढे गेला की मागे दोनच फुलबॅक. त्यातला कार्ल सेस्टा म्हणजे आडव्या अंगाचा लोहार गडी, कुस्तीचा नाद असलेला, व्हिएन्नी गाणी म्हणणारा. ताकद अफाट, पण हॅम्पसनसारखा चपळ माणूस मोकळ्या मैदानात पळायला लागला की त्याची पंचाईत. पहिले दोन गोल बघता चॅपमनचा स्टॉपर अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

विदुला_व्हिएन्ना

कामानिमित्त बरीच वर्षं इथं राहते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजते. :)

सिंडेलार वाढला तो फावोरिटन भागात, दहावा जिल्हा. आज तिथं गेलात तर तुर्की किराणा दुकानं, सर्बियन बेकऱ्या. तेव्हा तिथं चेक लोक होते. वीनरबेर्गच्या वीटभट्ट्यांवर राबायला बोहेमिया-मोराव्हियातून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं. सिंडेलारचा जन्मही मोराव्हियातलाच, १९०३ चा. वडील गवंडी, पहिल्या महायुद्धात गेले. ही पोरं गल्लीत, पडीक जागांवर चिंध्यांच्या चेंडूनं खेळायची. वुंडरटीमची नावं वाचा: सिंडेलार, सेस्टा, श्मिस्टिक, झिशेक. 'अस्सल व्हिएन्नी खेळ' म्हणून ज्याचं कौतुक झालं तो अशा बाहेरून आलेल्यांच्या पोरांनी घडवला.

सिंडेलार अंगानं इतका किरकोळ की त्याला 'कागदी माणूस' म्हणायचे. तरुणपणी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या काळात त्यातून खेळाडू परत उभा राहणं म्हणजे नवलच. पुढे कायम गुडघ्याला पट्टी बांधून खेळला. धडक टाळून खेळायची त्याची जी कला होती तिचं मूळ बहुतेक त्या गुडघ्यातच असावं. धडक बसली असती तर कारकीर्दच संपली असती.

आणि तो हेल्डेनप्लाट्झ. १९३२ च्या डिसेंबरात तिथं लोक लाउडस्पीकरखाली फुटबॉल ऐकत होते. १५ मार्च १९३८ रोजी त्याच चौकात, त्याहून कितीतरी मोठ्या गर्दीसमोर, हिटलर राजवाड्याच्या सज्जात उभा राहून बोलला. मध्ये साडेपाच वर्षंसुद्धा नाहीत.

सई_क

वाचतेय. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण विदुलाताईंच्या प्रतिसादासाठी धागा वाचनखूण केला.

तो इंग्लिश मास्तर होगन, त्याला इंग्लंडनं स्वतः का नाही वापरलं?

टाचेचा_पास

सई, हा खरा दुखरा मुद्दा आहे.

होगन पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला व्हिएन्नात अडकला. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैद. तिथून बुडापेस्टला गेला आणि एमटीके क्लबला शिकवत युद्ध काढलं. परतल्यावर आर्थिक मदतीसाठी लंडनला फुटबॉल असोसिएशनच्या दारात गेला. युद्धात नुकसान झालेल्या फुटबॉल व्यावसायिकांना मदत मिळते असं त्यानं ऐकलं होतं. किस्सा असा की त्याच्या हातावर खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवण्यात आले. आघाडीवरच्या आमच्या पोरांना असलेच मोजे पुरले, असं वर ऐकवून. गद्दार म्हणण्याचाच तो सभ्य प्रकार. मग माणूस परत युरोपात गेला नसता तर नवल.

दुसरं म्हणजे इंग्लंडला तेव्हा प्रशिक्षक ही गोष्ट लागतच नव्हती. राष्ट्रीय संघाला मॅनेजरच नाही. निवड समिती बसायची, क्लबांच्या हिशेबानं नावं काढायची, खेळाडू सामन्याच्या आदल्या दिवशी भेटायचे, खेळायचे, आपापल्या गाडीनं घरी. ऑस्ट्रियाविरुद्धचा संघ बघा: कर्णधार ॲस्टन व्हिलाचा बिली वॉकर, वय ३५, बऱ्याच वर्षांनी परत बोलावलेला. आर्सेनलचा डेव्हिड जॅक, ३४. दोघांचाही इंग्लंडकडून हा शेवटचा सामना.

आणि हॅम्पसन! १९३० मध्ये दोन सामने खेळला, तीन गोल मारले. मग दोन वर्षं बाहेर. ऑस्ट्रियाविरुद्ध बोलावलं, दोन गोल मारले. त्यानंतर कायमचा बाहेर. तीन सामने, पाच गोल. निवड समितीचं गणित आकडेमोड्यांनीच सोडवून दाखवावं.

आकडेमोडे

सुटत नाही. मान्य. :)

हॅम्पसनचं पुढे फार वाईट झालं. जानेवारी १९३८ मध्ये फ्लीटवुडजवळ समुद्रात मासेमारीला गेला होता, बोटीची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, हा पाण्यात पडला. देह सापडलाच नाही. वय अवघं ३१. ब्लॅकपूलसाठी गोलांचा डोंगर रचलेला माणूस, आणि आज या सामन्याची गोष्ट सांगताना लोक सिंडेलारच्या एका गोलावर परिच्छेद लिहितात, याच्या दोन गोलांना एक ओळ. जिंकलेल्या बाजूवर झालेला हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत. तुमच्या लेखातही तेच झालंय, मालक.

मैदानी_बातमीदार

गोलकीपर हिडेनचा एक मजेशीर तपशील राहिला. १९३० मध्ये चॅपमननं त्याला आर्सेनलसाठी जवळजवळ उचललाच होता. पण ब्रिटिश कामगार खात्यानं त्याला देशात येऊ दिलं नाही, इंग्लिश गोलकीपरच्या पोटावर पाय नको म्हणून. पुढे परदेशी खेळाडूला आधी दोन वर्षं वास्तव्य दाखवायची अट आली आणि दार बंदच झालं. म्हणजे लंडनच्या क्लबला जो गोलकीपर घेऊ दिला नाही तोच दोन वर्षांनी लंडनला पाहुणा म्हणून आला आणि चार गोल खाऊन गेला. खातं खूश झालं असणार. हिडेन मग १९३३ मध्ये पॅरिसच्या रेसिंग क्लबला गेला.

पॅरिसचा फायदा, व्हिएन्नाचा तोटा: १९३४ च्या विश्वचषकात तो ऑस्ट्रियाच्या गोलमध्ये नव्हता. मिलानच्या उपांत्य सामन्यात चिखलात इटलीनं १-० हरवलं. चिखलात छोटे पास कुठून चालणार?

कोल्हापुरी_लेफ्टविंग

चिखलाचं आम्हाला नका सांगू. :)

ते ३८ साली जर्मनीविरुद्ध सिंडेलारनं नाझींच्या नाकावर टिच्चून गोल मारला म्हणतात ते खरं का? यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला होता, अंगावर काटा आला राव.

विदुला_व्हिएन्ना

सामना खरा. ३ एप्रिल १९३८, प्राटर स्टेडियम. जर्मन फौजा मार्चमध्ये आल्या, १० एप्रिलला सार्वमत होतं आणि त्याआधी 'एकीकरणाचा सोहळा' म्हणून जर्मनीविरुद्ध ऑस्ट्रिया असा शेवटचा सामना ठेवला. ऑस्ट्रियानं २-० जिंकला. एक गोल सिंडेलारचा, दुसरा सेस्टाचा, लांबून मारलेल्या फ्रीकिकवर. एवढं पक्कं. पहिल्या अर्ध्यात सिंडेलारनं मुद्दाम गोल चुकवले, मग अधिकाऱ्यांसमोर नाच केला, या गोष्टी नंतर चढत गेलेल्या रंगातल्या आहेत. जर्मनीच्या संघातून खेळायला त्यानं नकार दिला हे खरं. वय आणि गुडघा ही कारणं सांगितली.

पण मग दुसरी बाजूही सांगायला हवी, जी त्या व्हिडिओत नसणार. त्याच वर्षी त्यानं फावोरिटनमध्ये लाक्सेनबुर्गर रस्त्यावर एक कॅफे घेतला. तो एका ज्यू माणसाचा होता आणि ज्यूंकडून धंदे काढून घेण्याच्या सरकारी मोहिमेतून तो सिंडेलारकडे आला. काही जण म्हणतात, त्यानं इतरांपेक्षा बरी किंमत दिली. काही म्हणतात, किंमत कितीही दिली तरी मूळ मालकाला नाही म्हणायची सोय होती का? तो मूळ मालक पुढे तेरेझिनच्या नाझी छावणीत मेला. त्यामुळे मला 'नाझींविरुद्धचा वीर' हे चित्र गळी उतरत नाही, आणि 'संधिसाधू' हेही पूर्ण पटत नाही.

२३ जानेवारी १९३९ रोजी तो आणि त्याची मैत्रीण घरात मृतावस्थेत सापडले. कारण विषारी वायू. नादुरुस्त धुराडं, असं अधिकृत कागदोपत्री. त्यावर खून, आत्महत्या अशा सगळ्या कहाण्या निघाल्या. त्सेंट्रालफ्रीडहोफमध्ये, इथल्या मोठ्या दफनभूमीत, त्याला शहराकडून मानाची जागा आहे.

ह्यूगो माइस्लनं हे काहीच पाहिलं नाही. तो फेब्रुवारी १९३७ मध्येच गेला.

नाना_दादर

विदुलाताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, इथं खाली दबून जाईल.

आता मूळ प्रश्नाकडे. टाचेचा_पास, स्टॅमफर्ड ब्रिजच्या त्या सामन्यानं पुढे झालं काय? इंग्लंड काही शिकलं का? की आपल्यासारखंच, 'चौकशी समिती नेमली आहे'?

टाचेचा_पास

नाना, समितीसुद्धा नेमली नाही. जिंकले होते ना!

हीच तर गंमत. स्पेनकडून इंग्लंड परदेशात हरलं तेव्हा ऊन होतं, मे महिना होता, खेळाडू दमले होते ही कारणं होती. ऑस्ट्रियाविरुद्ध कारणं द्यायची वेळच आली नाही, कारण स्कोअरबोर्डवर चार होते. इंग्लिश वर्तमानपत्रांनी पाहुण्यांच्या खेळाचं कौतुक केलं, पण कौतुक करून पान उलटलं. आकडेमोडे म्हणतात तो गोलांचा क्रम बरोबर इंग्लंडच्या निवड समितीच्या उपयोगी पडला. ऑस्ट्रियाचा एक गोल जास्त झाला असता तर कदाचित इंग्लिश फुटबॉलचं वीस वर्षांचं नुकसान टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. हिडेननं हॅम्पसनचा एक जरी फटका अडवला असता तरी चाललं असतं.

ऑस्ट्रियाचे लोक मात्र घरी जाताना वाटेत ब्रसेल्सला थांबले आणि चार दिवसांनी बेल्जियमला ६-१ हरवून गेले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ग्लासगोला हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडशी २-२ बरोबरी. आणि ६ मे १९३६ रोजी इंग्लंड व्हिएन्नाला आलं तेव्हा प्राटरवर २-१ असा हिशेब चुकता केला. पण घरी. इंग्लंडमध्ये नाही.

आकडेमोडे

"एक गोल जास्त झाला असता तर" यावर मी प्रतिसाद लिहून खोडला. चांगल्या धाग्यावर भांडण नको.

पण १९४९ ला गुडिसन पार्कवर आयर्लंडकडून इंग्लंड ०-२ हरलं होतं घरात, ते सगळे सोयीस्कर विसरतात. 'घरात पहिला पराभव १९५३' हे वाक्य पुन्हा कुठे वाचलं तर मी येणार आहे, सांगून ठेवतो.

टाचेचा_पास

म्हणून तर लेखात 'युरोप खंडातल्या कुणालाच' असं लिहिलंय. तुमच्याच भीतीनं.

१९५३ च्या नोव्हेंबरातली हंगेरी, वेम्बली, ६-३. तिथं पुस्काश, आणि खाली उतरून खेळणारा सेंटर फॉरवर्ड पुन्हा एकदा, हिदेगकुटी. सामन्यानंतर हंगेरीच्या संघटनेच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की हे सगळं आम्हाला जिमी होगननं शिकवलं. होगन त्या दिवशी स्टँडमध्ये होता, ॲस्टन व्हिलाच्या पोरांना सामना दाखवायला घेऊन आलेला. वय ७१.

सई_क

मोजे दिले तेव्हा ज्यांनी ऐकवलं त्यांच्यापैकी कुणी होतं का हो त्या दिवशी वेम्बलीवर?

हंगेरीवर पुढचा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोल्हापुरी_लेफ्टविंग

+१. आणि त्यात चिखल असेल तर आधी सांगा.